कावीळ स्पष्ट दिसतेय, तरी मशीनवर एसजीपीटी (यकृतातलं एन्झाइम) फक्त १८ कसा?

कदाचित एन्झाइम कमी नाही, इतकं जास्त आहे की रिएजंटच (टेस्टचं रसायन) संपलं. या टेस्टमध्ये रिएजंटमधलं एनएडीएच हे संयुग खर्च होतं आणि ३४० नॅनोमीटरवरचं प्रकाशाचं शोषण उतरत जातं. मशीन त्या उताराचा वेग मोजतं. एसजीपीटी हजारोंत असेल तर सगळं एनएडीएच लॅग टाइममध्येच (मोजणीआधीच्या थांब्यात) संपतं, मोजणी सुरू होते तेव्हा रेघ सपाट, आणि रिपोर्ट नॉर्मल!

म्हणून आधी आकडा सोडा, रिॲक्शन कर्व्ह (वेळेनुसार शोषणाची रेघ) उघडा. सुरुवातीचंच शोषण ब्लँकपेक्षा (नमुन्याविना नुसत्या रिएजंटच्या शोषणापेक्षा) खूप खाली असेल तर ५० मायक्रोलिटर सीरम + ४५० नॉर्मल सलाइन घेऊन परत लावा, उत्तराला १० ने गुणा. तरीही फ्लॅग (मशीनचा इशारा) आला तर आणखी पातळ करा. ओपन सिस्टीमवर (वेगवेगळ्या कंपन्यांची किट चालणाऱ्या मशीनवर) सब्स्ट्रेट डिप्लीशनची (रिएजंट संपल्याची) मर्यादा किटच्या पत्रकावरून स्वतः भरावी लागते. ती रिकामी असेल तर फ्लॅग येणारच नाही.

जुनं रिएजंटही हाच घोळ घालतं, कारण त्यातलं एनएडीएच आधीच घटलेलं असतं. रोज ब्लँक बघाच.

अल्कलाइन फॉस्फेटेज (आणखी एक एन्झाइम) अचानक पडला तर मात्र नळी तपासा: ईडीटीए (रक्त गोठू न देणारं नळीतलं रसायन) या एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम आणि झिंक पकडून ठेवतं. सोबत पोटॅशियम जास्त, कॅल्शियम कमी दिसलं की नमुना सरळ परत मागवा.