बडोद्यात थंडीतला सुटीचा शनिवार निवांत कसा घालवावा?

तुम्ही विचारलंय की नाशिकहून बडोद्याला येऊन काही महिने झाले, दोघंही नोकरी करता, आणि शनिवारची सुटी धुणं, बाजार, स्वयंपाक आणि राहिलेली कामं यांतच संपते. घरचं नीट जेवणही व्हावं, कामंही उरकावीत आणि दिवस निवांतही वाटावा, असं काही जमतं का?

जमतं, आणि थंडीत तर फार छान जमतं. मी इथल्याच दांडिया बाजार भागात वाढलो, नोकरी बँकेत. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा मिळू लागला. आमच्या घरात मी, बायको आणि आई, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या या शनिवारांची आम्ही तिघंही वाट बघत असतो. या शनिवारांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. कामं पुढे ढकलली की ती दिवसभर डोक्यात घोळत राहतात, आणि मग लोळत पडूनही विसावा मिळत नाही. त्यापेक्षा दिवसाला एक सावकाश होणारा पदार्थ द्यायचा आणि बाकीची कामं त्याच्या मधल्या फटींत बसवायची. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे उन्हावर सोपवायचं.

उन्हावर एवढ्यासाठी, की इथली थंडी दिवसभर रेंगाळत नाही. जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८-३० पर्यंत चढतो. पहाटे शाल लागते, दुपारी गच्चीवर डोक्याला रुमाल. म्हणून सकाळ चुलीची आणि बाजाराची, दुपार गच्चीची, आणि संध्याकाळ मोकळी.

सकाळपासून सांगतो. १६ डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास, म्हणजेच धुंधुरमास, लागतो आणि संक्रांतीपर्यंत चालतो. आमच्याकडे या महिन्यातल्या एका तरी शनिवारी धुंधुरमासाचं जेवण असतं. सूर्य उगवतानाच नैवेद्य दाखवायचा आणि लगेच जेवायला बसायचं. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, गूळ आणि वांग्याचं भरीत. तुमच्या घरी हे होत असेल तर बडोद्यात येऊन सोडू नका, आणि होत नसेल तर एकदा करून बघा. पहाटे साडेसहाला गॅसवर वांगं भाजत असताना घरात जो वास दरवळतो, त्याने पांघरुणातली माणसं आपणहून उठून येतात. भरितात फोडणी न घालता कच्चं तेल, मीठ, मिरची आणि भरपूर लसणाची पात चिरून घाला. इथे थंडीत ती पात इतकी कोवळी मिळते, की तिच्यापुढे लसणाच्या पाकळीची आठवणही होत नाही. एवढं पोटात गेलं की दुपारी दोनपर्यंत कोणी भूक भूक करत नाही, म्हणजे मधला अख्खा वेळ तुमचा.

बाजरीचं पीठ विकत आणू नका. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे पीठ आठवडाभरातच कडवट लागायला लागतं. इथे घरोघरी घरघंटी, म्हणजे घरगुती पिठाची चक्की, असते. तुमच्याकडे नसेल तर शेजारी विचारा, वाटीभर बाजरी दळून द्यायला कोणी नाही म्हणत नाही. ताज्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटत नाहीत, तेवढ्यावरूनच फरक कळतो.

मग बाजार. आठ-साडेआठला खंडेराव मार्केटला जा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधलेली ती भव्य इमारत पुढून महानगरपालिकेची कचेरी आहे आणि तिच्या मागे भाजीचा आणि फुलांचा बाजार भरतो. सुपरमार्केटमध्ये या सगळ्या भाज्या मिळत असतीलही, पण थंडीची भाजी हातात घेऊन, मोडून, वास घेऊन घ्यायची असते. सुरती पापडी, तुरीचे ओले दाणे (इथे लीलवा म्हणा), कोनफळ, रताळी, सुपारीएवढे बटाटे, भरायची लहान वांगी, मेथी, लसणाची पात, ओली हळद, आंबेहळद, आवळे. पापडी घेताना एक शेंग मोडून बघा. दाणा भरलेला हवा, पण साल जून नको, आणि मोडताना कट्कन आवाज यायला हवा. लीलवा सोलून ठेवलेले मिळतात, पण शेंगा घेऊन घरी सोला. सोललेले दाणे कधीचे आहेत ते कळत नाही.

याच फेरीत त्या दिशेची बाकीची कामं उरका. शिंप्याकडे टाकलेलं ब्लाउज, चपलेचा अंगठा, देवासाठी फुलं, जे काय असेल ते. दुसऱ्या दिशेचं काम त्या दिवशी काढू नका, त्याला एखादी संध्याकाळ द्या. बँकेचं काम मात्र पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी ठेवा, नाहीतर शटर बघून परत याल. जुन्या शहरातल्या मांडवीच्या आतल्या गल्ल्यांत गाडी घालू नका, सूरसागर तलावाच्या बाजूला लावून चालत जा. धनुर्मासात गुजराती लोकांचीही कमुरतां, म्हणजे शुभकार्यं टाळायचे दिवस, असतात आणि लग्नं होत नाहीत, त्यामुळे साड्या, भांडी, गाद्या-चादरींची खरेदी असेल तर तेव्हा करा. लग्नसराईच्या मानाने गर्दी कमी असते आणि दुकानदार निवांत बोलतो.

परत येताना वाट थोडी वाकडी करून काळ्या घोड्याच्या पुलावरून या. खाली विश्वामित्री. थंडीत सकाळी ऊन वर आलं की मगरी काठावर येऊन पसरतात, कधी कधी तोंड उघडं टाकून. शहराच्या ऐन मध्यातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात आणि भाजीची पिशवी हँडलला अडकवून माणसं कठड्याशी थांबून त्या बघतात, असं गाव मला दुसरं ठाऊक नाही. पाच मिनिटं थांबाच.

घरी आल्यावर आधी गच्ची. रजया, गोधड्या, स्वेटर, उशा सगळं दहाच्या आत उन्हात गेलं पाहिजे, म्हणजे चारपर्यंत पुरतं तापतं. धुणंही तेव्हाच. आणि तिथेच सतरंजी टाकून पापडी निवडायला बसा. आमच्याकडे आई उन्हाकडे पाठ करून बसते आणि शेंगेच्या दोन्ही बाजूंची शीर एका ओढीत काढते. शेंग उघडून आत बघते, अळी नाही ना, मग अर्धी पातेल्यात टाकते. तिच्या हाताला घाई अशी नसतेच, तरीही तिचा ढीग आमच्या दोघांच्या आधी संपतो. गप्पा याच वेळी होतात. तुम्ही दोघंच असाल तरी फोन खाली ठेवून हे काम गच्चीवर करा. मी शनिवारचा निवांतपणा म्हणतो तो मुख्यतः हा तास-दीड तास.

दिवसाचा पदार्थ म्हणजे उंधियो, थंडीतल्या भाज्यांची गुजराती मिसळभाजी. विकत चांगला मिळतो, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तर दुकानांसमोर रांगा लागतात. पण घरच्या उंधियोत तेल तुमच्या हातात असतं आणि प्रत्येक भाजीची चव वेगळी राहते. कोनफळ सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. निवडलेल्या पापडीला आणि लीलव्याला ओवा, मीठ आणि सोड्याची अगदी छोटी चिमूट चोळून ठेवा, रंग हिरवा राहतो आणि शेंग लवकर शिजते. मसाला म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर, लसणाची पात, तीळ, आलं-मिरची, धणे-जिरेपूड, मीठ, थोडी साखर आणि लिंबू. तो वांग्यांत, बटाट्यांत आणि कच्च्या केळ्यांत भरायचा, उरलेला वर पसरायचा. मेथीचे मुठिये बेसन आणि जाडसर गव्हाच्या पिठात तेलाचं मोहन घालून वळा आणि मंद आचेवर तळा, म्हणजे आतून कच्चे राहत नाहीत.

आता रचणं, सगळी गंमत तिथेच आहे. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून ओवा-हिंगाची फोडणी, तळाशी पापडी आणि दाणे, त्यावर कोनफळ-रताळ्याच्या मोठ्या फोडी, मग भरलेले बटाटे आणि वांगी. पाण्याचा नुसता हबका मारा. वर ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा. आच बारीक. चमचा घालायचा नाही, अधूनमधून पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. साधारण अर्ध्या तासाने केळी आणि मुठिये वर ठेवा आणि अजून दहा-पंधरा मिनिटं. ताटातलं पाणी गरम झालं की तेच लागेल तसं आत घाला.

या पाऊण तासात तुमच्या हाताला काही काम नाही. आमच्याकडे तेव्हा ओल्या हळदीचं लोणचं होतं. हळदीची साल सुरीने सोलू नका, चमच्याच्या कडेने खरवडा, वाया जात नाही. आत रंग गाजरापेक्षाही गर्द. आंबेहळद आतून फिकी, पण कापताच कैरीचा वास येतो. दोन्हींच्या पातळ चकत्या, मीठ, भरपूर लिंबाचा रस, हवी तर हिरवी मिरची. बरणी भरली की झालं. दुसऱ्या दिवशीपासून खाता येतं, फ्रिजमध्ये महिनाभर टिकतं. बोटं दोन दिवस पिवळी राहतात, राहू द्या. तेवढ्या वेळात दुसरा माणूस फ्रिज पुसू शकतो किंवा आठवड्याचे कपडे घडी करू शकतो. अशी कामं मला ओझं वाटत नाहीत, कारण पातेल्याकडे एक कान असतोच आणि काम आपोआप पाऊण तासापुरतं राहतं.

एक गोष्ट तुम्हाला मराठी म्हणून सांगतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण भोगीची भाजी करतो, तिच्यातही वांगी, पापडी, ओला हरभरा, गाजर, तीळ. गुजराती शेजारी त्याच आठवड्यात उंधियो रचत असतात. शेतात त्या दिवसांत जे येतं ते सगळं एका भांड्यात, ही समज दोघांची एकच. आमच्या घरात भोगीला एका गॅसवर भोगीची भाजी आणि दुसऱ्यावर उंधियो असतो, आणि शेजारच्या बेन तिळाच्या भाकरीसाठी हक्काने थांबतात. इथे रुळायचं असेल तर ही देवाणघेवाण फार उपयोगी पडते. तुमची वाटी आधी जाऊ द्या.

दोन वाजता जेवण: उंधियो, पोळी किंवा पुरी, ताक. जेवल्यावर झोप. चारला गच्चीवरून सगळं खाली आणा. उतरत्या उन्हात राहिलं तर पांघरुणं पुन्हा गार पडतात. डिसेंबर अर्धा सरला की त्या वेळी आकाशात पतंग दिसायला लागतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांत कापलेली दोरी अडकते. ती ओढू नका, कात्रीने तुकडे करून गुंडाळून कचऱ्यात टाका, बोट कापतं आणि पक्ष्यांच्या पायातही अडकते.

संध्याकाळ रिकामी ठेवा म्हणतो ते मनापासून. आम्ही कधी हरणीच्या भीडभंजन मारुतीला जातो. शनिवारी तिथे तेल आणि रुईच्या माळा घेऊन बरीच गर्दी असते, म्हणून दर्शन घेऊन लगेच निघतो. कधी कमाटी बागेत एक फेरी. सयाजीरावांच्या काळात, १८७९ मध्ये केलेली ही बाग थंडीत संध्याकाळी फार प्रसन्न असते. कधी कुठेच जात नाही. रात्री मोठा स्वयंपाक करू नका. मुगाची खिचडी कुकरला लावा, कढी करा, हळदीचं लोणचं आहेच.

आणि उंधियो दोघांच्या मानाने जास्तच करा. रविवारी सकाळी तो जास्त मुरलेला लागतो. गरम करताना पाणी घालू नका, चमचाभर तेल आणि मूठभर लसणाची पात घालून बारीक आचेवर ठेवा, आणि मुठिये आधी बाजूला काढून शेवटी परत घाला.