मॅकचं नंतर बघू, आधी ती ‘एफडी’ बाहेर काढा

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये डिझाईनला असलेल्या वाचकाचं पत्र आलंय. वय 32, राहायला वडगावात, हातात पगार 42 हजार, घरात बायको, चार वर्षांची मुलगी, आई आणि आप्पा. संध्याकाळी घरी बसून बाहेरची कॅडची (कॉम्प्युटरवर डिझाईन करायची) कामं घ्यायचीत, महिन्याला 15 हजार सुटतील असा अंदाज, त्यासाठी लाखाचं मॅकबुक एअर घ्यावं का असं विचारलंय, दुकानदार म्हणतोय त्यात विंडोजचं सगळं चालतं आणि नो कॉस्ट ईएमआय पण आहे. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: “नाहीतर आप्पांच्या एफडीवर लोन काढतो, पण तिचा तिसरा हप्ता मार्चमध्ये भरायचाय.”

अहो, एफडीला हप्ता नसतो. एकदा पैसे ठेवले, मुदत संपली की व्याजासकट परत घेतले, संपला विषय. “एफडीची पावती” म्हणून तुम्ही जो फोटो जोडलाय तो मी मोठा करून बघितला, ते इन्शुरन्स पॉलिसीचं पहिलं पान आहे. प्रपोजर (पॉलिसी घेणारे) आप्पा, विमा तुमच्या नावावर, वर्षाला 1 लाख, भरायची मुदत 10 वर्षं, पॉलिसी 20 वर्षांची, विमा 10 लाख, शेवटी मिळणार साधारण 22 लाख. सुरुवात मार्च 2024. आणि तुम्ही लिहिताय की “चार वर्षं भरलं की डबल, बँकेतल्या सरांनी सांगितलं”. चार नव्हे, दहा. आप्पांनी माग विकून आलेल्या 4 लाखांतले 2 गेले, उरलेले 2 सेव्हिंगमध्ये पुढच्या दोन हप्त्यांसाठी ठेवलेत, मग पाचव्या वर्षापासून उरलेले 6 लाख कुठून भरणार? तुमच्या पगारातून? वर्षाच्या पाच लाखांतले एक लाख असे गेले तर घर कसं चालवणार? आयुष्यभर मागावर बसलेल्या माणसाचे पैसे असे अडकवलेले बघून मला खरंच राग येतो, आणि हे एकट्या तुमच्या घरात झालेलं नाही, काउंटरवर एफडी करायला गेलेला म्हातारा माणूस पॉलिसी घेऊन बाहेर पडतो हे सर्रास चाललंय.

आता हिशोब बघा. दहा वर्षं 1-1 लाख भरून विसाव्या वर्षी 22 लाख म्हणजे वर्षाला जेमतेम 5 टक्के पडतात. डबल हा शब्द ऐकायला गोड, पण वीस वर्षांत डबल म्हणजे काहीच नाही.

मग मोडायची का? लगेच नको. तुमची पॉलिसी ऑक्टोबर 2024 च्या नवीन सरेंडर नियमांच्या आधीची आहे, त्यामुळे दोन हप्त्यांनंतर सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर हमी फक्त भरलेल्याच्या 30 टक्क्यांची, म्हणजे 2 लाखांचे 60 हजार. (यावर लोन काढलं तरी 50 हजारांच्या आसपासच मिळणार, मॅक काही त्यात बसत नाही.) दुसरा रस्ता पेड-अपचा, पुढचे हप्ते बंद करायचे, पॉलिसी छोटी होऊन तशीच राहते आणि मुदतीला कमी रक्कम मिळते. कंपनीला लेखी विचारा की आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप केली तर मुदतीला किती. 60 हजार 18 वर्षं 7 टक्क्यांनी ठेवले तर 2 लाख होतात, म्हणून पेड-अपचा आकडा 2 लाखांच्या बऱ्यापैकी वर आला तर पेड-अप करा, नाहीतर सरेंडर. तिसरा हप्ता मात्र यातलं काहीही केलं तरी भरायचा नाही.

“मग 22 लाख बुडाले की” असं वाटेल, तर तेही बघू. जो 1 लाख दर वर्षी पॉलिसीत जाणार होता त्यातले 12 हजार धरा टर्म इन्शुरन्सला (मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात असा साधा विमा), तुमच्या वयाला तंबाखू नसेल तर 1 कोटीचं कव्हर त्याच्या आसपास मिळतं आणि सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीपण नाही. उरलेले 88 हजार आठ वर्षं पीपीएफसारख्या 7 टक्क्यांच्या ठिकाणी टाकले तर त्याच विसाव्या वर्षी 19 लाख होतात, वर पेड-अपचे 2-4. म्हणजे रक्कम तेवढीच, पण उद्या तुम्हाला काही झालं तर बायको-मुलीच्या हातात 10 लाखांऐवजी 1 कोटी. पाच माणसं एका पगारावर आहेत, हे टर्म कव्हर या महिन्यात व्हायला पाहिजे.

आप्पांचे सेव्हिंगमधले 2 लाख मात्र यात धरू नका, ते त्यांचे आहेत. 66 वय आहे, सीनियर सिटिझन स्कीममध्ये 8.2 टक्क्यांनी ठेवले तर दर तीन महिन्यांनी 4,100 त्यांच्या खात्यात येतील. टर्म आणि पीपीएफ तुमच्या पगारातून, जमेल तेवढ्यापासून सुरू करा.

तक्रारसुद्धा करा. पॉलिसीबरोबर प्रपोजल फॉर्मची कॉपी येते, ती काढून बघा, आप्पांनी मराठीत सही केली असेल तर तिथे “फॉर्म त्यांच्या भाषेत समजावून सांगितला” असं डिक्लेरेशन असतं, ते कुणी भरलंय, कुणाची सही आहे. आपल्या भागात फॉर्म इंग्रजीत, बोलणं कन्नडमध्ये आणि सही मराठीत असं नेहमीच होतं, आणि घोळ तिथेच होतो. पॉलिसी देताना कंपनीकडून येतो त्या व्हेरिफिकेशनच्या फोनवर “सगळ्याला हो म्हणा” असं सांगितलं होतं का तेही आप्पांना विचारून लिहून ठेवा. आधी कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण सही आणि डिक्लेरेशन जुळत नसेल तर केसमध्ये दम आहे.

आता मॅक. नको. एम चिपच्या मॅकवर बूटकॅम्प (मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय) नाही, पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजन या मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज 11 ची एआरएम, म्हणजे एम चिपच्या जातीच्या चिपसाठीची, आवृत्ती चालते, आणि तुमचं सॉफ्टवेअर इंटेलच्या चिपसाठी लिहिलेलं असल्यामुळे विंडोज आत परत त्याचं एमुलेशन करतं, म्हणजे चालता चालता दुसऱ्या चिपच्या भाषेत भाषांतर करतं. साधी बिलं, हिशोब होतील की. पण सॉलिडवर्क्स या कॅडच्या सॉफ्टवेअरला मॅकवर कंपनीचा सपोर्टच नाही, मोठी असेंब्ली उघडली की रडवेल. तुमचं कॅम (मशीनसाठी प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) तर यूएसबी डोंगलवर, म्हणजे लायसन्सच्या यूएसबी किल्लीवर, चालतं म्हणताय, एमुलेशन प्रोग्रॅमचं होतं, ड्रायव्हरचं होत नाही, डोंगलचा एआरएम ड्रायव्हर नसेल तर ते सॉफ्टवेअर उघडणारच नाही. हे दुकानदाराने सांगितलं का? त्यात विंडोजचं लायसन्स वेगळं, पॅरलल्स घेतलं तर त्याचे पैसे वेगळे, आणि मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही. नो कॉस्टचं म्हणाल तर झिरो टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सांगितलंय, व्याज किमतीत लपवलेलं असतं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा कापतात.

आणि ते 15 हजार. पत्रात एकाही गिऱ्हाईकाचं नाव नाही, पुण्यातला मित्र “कामं देतो” म्हणालाय एवढंच. शिवाय ऑफिसचं सॉलिडवर्क्स लायसन्स बाहेरच्या कामाला वापरता येत नाही, स्वतःचं घ्यायचं तर लाखांत जातं, क्रॅक वापरून धंदा करायचा सल्ला मी देणार नाही. मित्राकडून आधी एक काम लेखी घ्या, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिजे आणि लायसन्स कुणाचं ते ठरवा. दोन-तीन बिलांचे पैसे खात्यात आले की ग्राफिक्स कार्डवाला सेकंडहँड विंडोज वर्कस्टेशन लॅपटॉप बघा, 40-45 हजारात काम भागेल, तोही रोख देऊन.

मार्चच्या हप्त्याला ऑटो डेबिट लावलेलं असेल तर ते आधी बँकेत जाऊन लेखी बंद करून घ्या, पोच घ्यायला विसरू नका. कंपनीचे ते दोन आकडे आले की मला पाठवा, पेड-अप की सरेंडर ते मी बघून सांगतो.