टूल चांगलंय, पण लोक पहिल्या पाच मिनिटांतच अडकतायत

जुळे सोलापुरातून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचं पत्र आलंय. टेस्टिंगसाठी खोटा डेटा तयार करून देणारं पायथॉनचं टूल त्याने आठ महिने खपून बनवलं, गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या साइटवर, टाकलं, आणि वापरतायत कोण तर त्याचे तीन मित्र. विचारतो, सर, अजून कुठले फीचर टाकू, की हे सोडून प्लेसमेंटच्या तयारीला लागू?

अरे, फीचर आता टाकूच नकोस. तुझी लिंक मी शेजारच्या बीसीएच्या मुलीला दिली आणि बाजूला बसून नुसतं बघत राहिलो, तिचा विंडोजचा लॅपटॉप, यूजरच्या नावात मधे स्पेस, त्यामुळे तुझी इन्स्टॉलची तिसरी कमांडच अडकली आणि लाल अक्षरात जे काय आलं त्यातून तिला काही कळेना. वीस मिनिटं खटपट केली, मग बंद केलं. असे किती जण आले नि गेले ते तुला कधी कळणारच नाही रे, तक्रार करायला कोण थांबतंय.

डॉकरचं बघ की. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर कंटेनर, म्हणजे प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बंद करून चालवायचे डबे, आधीपासून होते, एलएक्ससी नावाचं त्याचं टूल 2008 चं, पण ते जमायचं जाणकारांनाच. 2013 ला डॉकर आलं, एक छोटी फाईल लिहायची, एक-दोन कमांड मारायच्या, तयार इमेज, म्हणजे त्या डब्याचा साचा, दुसऱ्याला द्यायची, आणि बघता बघता सगळीकडे झालं. पण नुसतं सोपं असूनही भागत नाही हं. गिट आणि मर्क्युरियल ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी टूल, दोन्ही एप्रिल 2005 ची, शिकायला मर्क्युरियल सोपं असं बरेच जण म्हणायचे, तरी लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम गिटवर होतं आणि 2008 ला गिटवरच चालणारं गिटहब सुरू झालं, माणसं तिकडेच जमली. म्हणून पायथॉनवाले टेस्टिंगला पायटेस्ट वापरतात ना, तुझं टूल त्याचं प्लगिन, म्हणजे त्यातच बसणारी जोडणी, कर, म्हणजे लोकांना आपली रोजची सवय सोडावी लागणार नाही.

बाबांचं चादरीचं दुकान आहे म्हणालास ना, गिऱ्हाईक आलं की ते आधी घडी उलगडून पुढ्यात टाकतात, मापं नंतर सांगतात. रीडमी, म्हणजे टूलची ओळख करून देणारी फाईल, तसं लिही, वर एक उदाहरण आणि त्याचं आउटपुट, बाकी सगळं खाली.

प्लेसमेंट सोडायची नाहीच, टूलला फक्त रविवार दे. कॉलेजच्या लॅबमध्ये पाच ज्युनिअर बसव, तोंडातून एक शब्द काढू नकोस, कुठे हात थांबतो ते लिहून घे. इंटरव्ह्यूत हेच सांग, कोण कुठे अडकलं आणि तू काय बदललंस.

तो स्पेसचा बग मात्र आजच काढ, ती मुलगी परत ट्राय करायला तयार आहे.