घरी बांधलेल्या विमानात कार्ब्युरेटरसाठी समोरून हवा घेणारा स्कूप लावला तर किती शक्ती वाढते? त्याचं तोंड किती मोठं ठेवावं?

शक्तीचं आधी सांगून टाकतो: नगण्य. ताशी 200 किलोमीटरला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब साधारण 1.9 किलोपास्कल भरतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या वातावरणदाबाच्या दोन टक्क्यांहून कमी. 150 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला फार तर तीन हॉर्सपॉवर मिळतील, तेही वाटेत दाब अजिबात वाया गेला नाही तर. फिल्टर आणि एक वाईट वळण मिळून एवढं सहज खातात. तसं वळण मी स्वतः केलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाखाली, जागा कमी होती. स्कूपमधून आलेली हवा मी कार्ब्युरेटरच्या अगदी तोंडाशी काटकोनात वर वळवली. जमिनीवर इंजिन छान चालायचं. वर चढताना पूर्ण थ्रॉटल दिला की थरथर सुरू, थोडा मागे घेतला की शांत. मागच्या दोन सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान पुढच्यांपेक्षा 70 अंशांनी जास्त दिसत होतं. माझा जोडीदार, ज्याच्यासोबत मी हे विमान चार वर्षं बांधत होतो, म्हणाला, "जेट लहान आहे." (जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी.) मी म्हणालो, "वळण बघू आधी." त्याने ऐकलं नाही. मुख्य जेटचं भोक ड्रिलने मोठं केलं, आणि मी शेजारी उभा असून त्याला थांबवलं नाही. ते मला अजून लागतं.

थरथर कमी झाली, तापमानं उतरली आणि वाद त्याने जिंकला असं ठरलं. मग मी प्लग काढले. पुढचे काजळीने काळेकुट्ट, मागचे फिकट. जेट मोठा केल्याने सगळ्याच सिलिंडरना जास्त पेट्रोल जात होतं, पण वाटपातला फरक होता तसाच राहिला होता. काटकोनात वळताना हवा आतल्या बाजूने भिंत सोडते, बाहेरच्या बाजूला गर्दी करते आणि गिरक्या घेतच व्हेंच्युरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, शिरते. तिथे एका अंगाला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला कमी. याला जेट काय करणार?

शेवटी एअरबॉक्स (कार्ब्युरेटरखालची हवेची पेटी) आणि वळण दोन्ही उतरवलं, शेपूट बांधून ठेवली, कार्ब्युरेटरला फक्त एक गोलसर कडेचं तोंड लावलं आणि इंजिन पूर्ण थ्रॉटलला चालवलं. 70 अंशांचा फरक 20 वर आला. पुढच्या महिन्यात एअरबॉक्स नव्याने केला, दुपटीने खोल: हवा आधी पेटीत पसरून मंद होते आणि मगच वर वळते. काही जण वळणात पत्र्याच्या मार्गदर्शक पट्ट्या बसवतात. मी बसवल्या नाहीत, कारण फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये सैल झालेला प्रत्येक रिव्हेट इंजिनाच्या पोटात जातो. नव्या पेटीबरोबर मूळ मापाचा जेटही परत घातला. चारही प्लग एकाच रंगाचे निघाले.

जोडीदार आजही भेटेल त्याला सांगतो की इंजिन जेटमुळे सुधारलं. तुम्हाला असं कोणी सांगितलं तर ड्रिल हातात घेण्याआधी प्लग बघा, आणि एकदा तरी एअरबॉक्स काढून इंजिन चालवून बघा. (समोरची जमीन झाडून घ्या, फिल्टर नसतो तेव्हा खडे थेट आत जातात.)

तोंडाच्या मापाबद्दल: 5.2 लिटरचं इंजिन 2700 आरपीएमला सेकंदाला साधारण 100 लिटर हवा ओढतं. चढताना वेग सेकंदाला 35 मीटर धरला तर जेमतेम 29 चौरस सेंटिमीटर पुरतात. मी 7 सेंटिमीटर व्यासाचं गोल तोंड ठेवलंय, म्हणजे 38. कड जाड आणि गोल करा, धारदार नको. इंजिन वेगळं असेल तर हिशोब पुन्हा करा.

कार्ब हीट (बर्फ धरू नये म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय) मात्र टाळू नका, हवा गरम असली तरी. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आणि व्हेंच्युरीतल्या दाबउताराने तापमान वीसेक अंशांनी सहज पडतं, आणि दमट हवेत, कमी थ्रॉटलला, बाहेर 25 अंश असतानाही बर्फ धरतो. प्रमाणित विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांत 75 टक्के शक्तीवर 50 अंश सेल्सिअसची वाढ मागितलेली होती. घरी बांधलेल्या विमानाला तो नियम लागू नसला तरी मी तोच आकडा धरला. एअरबॉक्सच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचं भोक ठेवा, नाहीतर सुरू करताना जास्त झालेलं पेट्रोल तिथे साचतं आणि आग लागायला एक बॅकफायर पुरतो.

हे सगळं खालून हवा घेणाऱ्या फ्लोटवाल्या कार्ब्युरेटरबद्दल आहे. तुमचं इंजिन दोन कार्ब्युरेटरवालं असेल तर फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) वायुनळ्या एअरबॉक्सच्या दाबाशीच जोडलेल्या आहेत ना, ते आधी तपासा. बाहेर मोकळ्या सोडल्या तर वेगाबरोबर हवा-पेट्रोलचं मिक्स्चर बदलत राहतं, आणि मग पुन्हा कोणीतरी जेटलाच दोष देईल.