गाडी एकटीच पलीकडे जाईल का?

धक्क्यावरून : बोटी, बंदरं आणि मालवाहतुकीबद्दल वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त सारंगाची (जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाची) उत्तरं

या महिन्याच्या टपालात बहुतेकांचं दुखणं एकच आहे. गाडी जायला हवी, माणसाला मात्र जायचं नाही. कुणाला रजा नाही, कुणाला बोट लागते, कुणाला ट्रॅक्टर दुसऱ्या कामावर हवा आहे. त्यामुळे बाकीची पत्रं पुढच्या खेपेला.

माझी गाडी गुहागरला आईकडे असते. भाऊ दापोलीत राहतो, त्याला आठवडाभर ती हवी आहे. मी पुण्यात, आईला गाडी चालवता येत नाही. शेजारच्या मुलाने धोपाव्याला गाडी बोटीवर चढवून द्यायची आणि भावाने दाभोळला उतरवून घ्यायची, असं जमेल का? बोटीवरची माणसं मध्ये लक्ष ठेवतील ना? – एक वाचक, पुणे

बेत सोडा. त्यापेक्षा शेजारच्या मुलालाच पलीकडे जाऊ द्या. तो गाडी चढवेल, दाभोळला उतरवेल, तुमच्या भावाच्या हातात किल्ली देईल आणि परतीच्या फेरीने पायी येईल. त्याचं माणशी तिकीट आणि वर चहा-वडापाव एवढाच तुमचा खर्च. चिपळूणचा वळसा वाचतोय, हे विसरू नका.

आता कारण. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ या आपल्या खाडीतल्या फेऱ्या एकाच हिशेबावर चालतात : ज्याची गाडी त्याने चढवायची, त्यानेच उतरवायची. खलाशाने फळका, म्हणजे गाड्या चढवायचा-उतरवायचा उतार, टाकायचा, जागा दाखवायची, हाताने ‘अजून, अजून, बस्स’ करायचं. तुमची किल्ली सांभाळणं त्याच्या कामात नाही आणि पाच मिनिटांत बोट रिकामी करायची असताना त्याला ते सुचणारही नाही. समजा तुमची गाडी फळक्यापाशी आहे आणि भाऊ उंबर्ल्याच्या चढावर एका डंपरमागे अडकलाय. मागच्या सगळ्या गाड्या तुमच्या गाडीपायी खोळंबणार. जुनी मारुती असती तर चौघांनी ढकलून बाजूला केली असती. हल्लीच्या गाड्यांचा बटणाचा हँडब्रेक किल्लीशिवाय सुटत नाही, गिअर पार्कमधून निघत नाही. ढकलायची म्हटली तरी चाकं हलत नाहीत.

मग कुणीतरी म्हणणार, ‘किल्ली खलाशाकडे द्या, तो काढेल.’ त्याच्याकडे चारचाकीचं लायसन आहे का, हे तुम्ही विचारलंत? लायसन नसलेल्याने गाडी चालवताना ठोकली तर विमा कंपनी दावा नाकारते. खलाशाला दोष देऊन उपयोग नाही, तो बिचारा मदत करायला गेलेला.

आणखी एक गोष्ट, तुम्हा पुण्याच्या लोकांच्या लक्षात चटकन येणार नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. २००८ नंतर तर किनाऱ्यावरची नजर आणखी कडक झाली. जेट्टीवर मालकाशिवाय उभी असलेली, मुंबई-पुण्याच्या नंबरची गाडी दिसली की पोलीस विचारपूस करणारच, आणि करायलाच हवी. गाडी नेणाऱ्या मुलाच्या खिशात आरसीची प्रत, विम्याचा कागद आणि तुमच्या सहीचं दोन ओळींचं पत्र असू द्या. निघताना आणि पोचल्यावर चारही बाजूंचे फोटो. भाऊ असला तरी काढा, ओरखड्यावरून भावांतही बोलाचाली होते.

माझा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा धंदा आहे. बागमांडल्याच्या बाजूला काम मिळालंय, तिकडे चिरे भरलेली दोन चाकी ट्रॉली पाठवायची आहे. ट्रॅक्टर मला इकडे लागतो. वेश्वीला ट्रॉली बोटीवर सोडून ट्रॅक्टर मागे घेतला आणि पलीकडे ओळखीच्याचा ट्रॅक्टर लावून ओढून घेतली तर? – वाचक, मंडणगड तालुका

तुमच्या डोक्यात आलं ते जगात रोज चालतं, त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो. पण चिऱ्याची दोन चाकी ट्रॉली आणि आपला फळका, या जोडीला ते लावू नका.

पहिलं, ट्रॉली उभी राहणार कशावर? दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकवर असतो. हुकची पिन काढली की दांडी खाली येते. चिरे मागच्या अंगाला जास्त भरले असतील तर उलट होतं, दांडी वर उसळते आणि शेजारी वाकलेल्या माणसाची हनुवटी फुटते. पुढच्या टेकूवर ट्रॉली उभी करता येते, पण ती खळ्यात किंवा पक्क्या जमिनीवर. लोखंडी डेक ओला, त्यावर चिखल आणि सांडलेलं डिझेल, वरून इंजिनाची थरथर. टेकूचा पाय सरकायला एवढं पुरे.

दुसरं, ब्रेक. गावाकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, थांबवायचं काम ट्रॅक्टर करतो. तो काढून घेतला की उरले फक्त चाकाखालचे दगड. दोन चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, साखळीने डेकच्या कड्यांना बांधलं, तर खाडीच्या पाण्यात ती राहीलही. पण बोट जेट्टीला लागताना जो धक्का बसतो, तो लाटेपेक्षा वाईट. त्या क्षणी ट्रॉलीसमोर कुणाची तरी मोटरसायकल असते आणि तिच्यावर पोराला पुढे बसवलेलं असतं.

तिसरं, पलीकडचा ट्रॅक्टर. तो फळक्यावरून उलटा येणार, उतारावर अंदाज घेत हुकची उंची जुळवणार. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की फळका आणि जेट्टी यांच्यामध्ये चांगलाच कोन पडतो. हुक आणि दांडीचं भोक यांच्यात वीतभर फरक पडला तर पिन बसत नाही. मग चौघं दांडी उचलणार, पाचवा पिन घालणार, ट्रॅक्टरवाला क्लच सोडणार. अशाच वेळी बोटं जातात. सांगायला नको, तुम्ही धंद्यातले आहात.

तेव्हा ट्रॅक्टरसकट जा. ट्रॉली साइटवर सोडा, ट्रॅक्टर मोकळा परत आणा. दोन वेळचं ट्रॅक्टरचं भाडं जाईल, ते कामाच्या दरात आधीच धरा. भरती अर्धी चढलेली असताना फळका सपाटीच्या जवळ असतो, ती वेळ गाठा. भांगाच्या दिवसांत पाण्याचा चढउतार कमी, काम सोपं. चिरे अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखे, थर कमी, वरून दोर. जेट्टीवर पोचल्यावर आधी उतरून खलाशाशी बोला : वजन किती, लांबी किती. गाडी उलटी चढवायला लावत असतील तर ट्रॉली दुमडणार नाही असा सवयीचा माणूसच स्टिअरिंगवर हवा. गर्दीत मागून हॉर्न वाजत असताना शिकायची ही जागा नव्हे.

ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिला तिचा नंबर असतो. विम्यात ट्रॉलीचा उल्लेख स्वतंत्र आहे का, तेही काढून बघा. ट्रॅक्टरचा कागद दाखवून ट्रॉलीचं काम भागत नाही.

परदेशात ट्रेलर ड्रायव्हरशिवाय जहाजाने जातात म्हणे. मग चढवतं कोण, आणि ते समुद्रात हलत कसे नाहीत? – विद्यार्थी, रत्नागिरी

माझ्या आवडीचा प्रश्न. आयरिश समुद्रावर डब्लिन ते लिव्हरपूल, हेशम आणि उत्तर समुद्रावर रॉटरडॅम, झीब्रुगहून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला अशी वाहतूक रोजची. मी त्या पट्ट्यातल्या रो-रोवर, म्हणजे वाहनं चाकांवरच चढवून नेणाऱ्या जहाजावर, सारंग होतो.

ट्रकचा ड्रायव्हर ट्रेलर बंदराच्या आवारात आणतो, त्याच्या पायांवर उभा करतो, कागद देतो, आपलं इंजिनाचं डोकं सोडवून निघून जातो. संध्याकाळी तो घरी जेवायला. पुढचं काम बंदराच्या ट्रॅक्टरचं, त्याला तिकडे टगमास्टर म्हणतात. बुटका, ताकदवान, आणि त्यातली खुर्ची उलटी फिरते, म्हणजे चालक जहाजात शिरताना आणि निघताना जायच्या दिशेला तोंड करूनच चालवतो. त्याची मागची पाटी हायड्रॉलिकने वर उठते, त्यामुळे ट्रेलरचे पाय फिरवत बसावं लागत नाही. हवेचा पाइप जोडला की ट्रेलरचे ब्रेक सुटतात, काढला की आपोआप लागतात. तुमच्या गावच्या ट्रॉलीत आणि त्यात फरक नेमका इथे आहे.

डेकवर जागेवर आला की आम्ही पुढच्या भागाखाली लोखंडी घोडा सरकवायचो. ट्रेलर त्यावर टेकला की टगमास्टर पुढच्याला आणायला पळाला. मग आमची पोरं साखळ्या घेऊन खाली वाकायची. डेकमध्ये खोबणी असतात, साखळीचं एक टोक तिथे, दुसरं ट्रेलरच्या कड्यात, आणि लिव्हरने ताण. साखळी सरळ खाली नाही, तिरकी हवी, नाहीतर ती आडवा धक्का अडवत नाही. हिवाळी वादळाचा इशारा असला की साखळ्या दुप्पट. रात्री कंदील... म्हणजे टॉर्च घेऊन राउंड मारायचा, आणि हाताने साखळी दाबून बघायची. नुसतं बघून ढिली साखळी कळत नाही. दुधाचे-मांसाचे थंड ट्रेलर जहाजाच्या विजेवर लावायचे. तेव्हा मला आपल्या आंब्याच्या पिकअप आठवायच्या, ड्रायव्हर पेट्यांना टेकून झोपलेला.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तिकडे ड्रायव्हरने दिवसाला साधारण नऊ तासच चालवायचं, साडेचार तासांनी पाऊण तास विश्रांती, असा कायदा आहे. रात्रभराच्या समुद्रप्रवासात माणूस आणि इंजिन दोन्ही अडकवून ठेवण्यापेक्षा फक्त माल पाठवणं स्वस्त. आणि वाहनांचा डेक म्हणजे आडव्या भिंती नसलेलं एकच मोठं दालन. ६ मार्च १९८७ ला बेल्जियममधल्या झीब्रुगहून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ हे रो-रो जहाज पुढचं दार उघडं ठेवूनच निघालं, पाणी या डेकवर पसरलं आणि काही मिनिटांत जहाज आडवं झालं. १९३ माणसं गेली. त्या डेकवर काय सुटं आहे याची आम्हाला इतकी धास्ती का असायची, ते यावरून समज.

आपल्याकडे हे येईल का? तीस मीटरच्या खाडीबोटीवर नको. मोठ्या रो-रोवर येऊ शकतं, पण त्यासाठी दोन्ही काठांना आवार, टगमास्टर, साखळीवाली माणसं आणि ट्रेलर ताब्यात घेतल्याची पावती देणारा कारकून हवा. नुसतं जहाज आणून ते होत नाही.

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रोने गाडी नेतो. बोटीत गाडीला काही झालं तर नेहमीचा विमा पुरतो का? – वाचक, दादर

पॉलिसीचं पुस्तक काढा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, एलिव्हेटर किंवा विमान यांतून नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं. या यादीत ‘समुद्र’ नाही. खाडी ओलांडणाऱ्याच्या बाजूने ‘अंतर्गत जलमार्ग’ हे शब्द आहेत. मांडव्याचा मार्ग त्यात बसतो की नाही, हे तुमच्या कंपनीला ई-मेलने विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. एजंट फोनवर ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ म्हणतो, त्याला काडीची किंमत नाही. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर प्रश्नच मिटला, स्वतःच्या गाडीचं काहीच मिळणार नाही.

आणि गाडीचा अलार्म बंद करून वर जा. बोट हलली की तो केकाटतो, आणि तासभर सगळे तुमच्या नावाने खडे फोडतात.

गणपतीला गोव्याला गाडी न्यायची आहे, पण चालवायची नाही. बोटीने सोय होईल का? – वाचक, ठाणे

बोट सोडा, रेल्वे बघा. कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक वॅगनवर चढवून नेते आहे, कोलाड ते वेर्णा. त्यात ड्रायव्हर ट्रकबरोबरच जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर याच मार्गावर मोटारींसाठीही सेवा सुरू केली, तेव्हा भाडं गाडीमागे ७,८७५ रुपये होतं. माणसांनी गाडीत बसायचं नाही, जोडलेल्या डब्यात तिकीट काढून बसायचं. मात्र कोलाडपर्यंत गाडी तुम्हालाच चालवत न्यावी लागेल, आणि ठाणे ते कोलाड हाच रस्ता गणपतीत सगळ्यात तुंबतो. त्यापेक्षा चार दिवस आधी निघा.

मुलाची मोटरसायकल जयगडहून तवसाळला ओळखीच्या टेम्पोत घालून पाठवू का? – वाचक, गणपतीपुळे

पाठवा. टेम्पोवाला बरोबर असतो, तेवढ्यावर काम होतं. मोटरसायकल स्टँडवर उभी करून सोडू नका. पुढचं चाक टेम्पोच्या कोपऱ्यात दाबून बसवा, हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली ताणून बांधा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. बांधायला नायलॉनची दोरी चालेल, सुतळी नको.