महालक्ष्म्यांसाठी पहिलं तोरण शिवताना

पहिलंच तोरण ना, मग मशीनच्या मागे लागू नकोस. सुई, दोरा, कात्री आणि जुन्या साडीचे काठ, एवढं पुरे. कापड कोरं सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून इस्त्री कर. सुती आटतं, मग शिवलेलं आखडतं.

पानांसाठी 6 इंची चौकोन काप. कोपऱ्यावर कोपरा आणून दुमड, पुन्हा एकदा तसंच. 3 इंच उंचीचा त्रिकोण होतो आणि टोकाला टाकाही लागत नाही. एकमेकांवर 1 इंच सरकवलेस तर 36 इंचांच्या पट्टीत बरोब्बर 7 बसतात. आधी टाचण्या लाव, मग कच्चा धावदोरा, मगच पक्की शिलाई. कच्चा टाका टाळूच नकोस, त्रिकोण हमखास सरकतात. पट्टीत बकरम, म्हणजे आतलं कडक कापड, घाल, नाहीतर मधे झोळ पडतो.

दोरा हातभरच ओव, लांब दोऱ्याचा गुंता होतो. आपल्याकडं गोधडी शिवणाऱ्या आज्या घरोघरी आहेत. एखादीजवळ बसून तिचा टाका बघ, सारखेपणा तिथंच कळतो. पैठणीचा जरीकाठ मात्र कापू नकोस, माझा जीव तुटतो. टांगायला दोन्ही टोकांना नाड्या लाव, मधे एक जास्तीची.