वाचकांचे प्रश्न: बिळातले कान

प्रश्न: इस्राएलमधल्या आंधळ्या मोल-रॅटचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात आणि तो जन्मभर बिळात राहतो. मग त्याचे कान तरी तीक्ष्ण असायला हवेत. एका पुस्तकात मात्र त्याचं ऐकणं ‘कमजोर’ लिहिलंय. असं कसं?

उत्तर: तीक्ष्ण नाहीत, हे खरंच. हेन्री आणि रिकी हेफ्नर या संशोधकांनी १९९२ साली मोजलं, तेव्हा ६० डेसिबलचा आवाज या प्राण्याला ५४ ते ५,९०० हर्ट्झपर्यंतच ऐकू आला. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; ती जितकी जास्त, तितकी आवाजाची पट्टी उंच.) प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराची मजल ६० हजारांच्या पुढे जाते. मोल-रॅटचा कान १,००० हर्ट्झच्या आसपास सर्वात चांगला चालतो, पण तिथेही निदान कुजबुजीइतका, ३२ डेसिबलचा आवाज लागतो.

तरी ‘कमजोर’ म्हणणं घाईचं आहे. छोट्या डोक्याच्या प्राण्याला एवढे उंच आवाज लागतात ते मुख्यतः दिशा ओळखायला. त्याच्या दोन कानांत अंतर थोडं, त्यामुळे आवाज एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पोचण्यातला फरक नगण्य. अशा वेळी डोक्याची आडसावली उपयोगी पडते, म्हणजे डोकं आवाज अडवतं आणि पलीकडच्या कानाला तो कमी पोचतो. ही सावली उंच पट्टीच्या आवाजांचीच पडते. खालच्या पट्टीतल्या लाटा डोक्याला वळसा घालून सरळ पलीकडच्या कानात शिरतात. बोगद्यात दिशा दोनच, पुढे नाहीतर मागे. तिथे ही सगळी यंत्रणा सांभाळून करायचं काय? क्षणभर वाजलेला आवाज डावीकडून आला की उजवीकडून, या चाचणीत हा प्राणी साफ नापास झाला. अमेरिकेतला पॉकेट गोफर हा बिळात राहणारा प्राणीही. दोघांचं नातं लांबचं, राहणी मात्र सारखी.

प्रश्न: मग बिळात त्यांना ऐकू येतं तरी काय?

उत्तर: बीळ जे पोचवतं ते. इस्राएलमधल्या संशोधकांनी १९८६ साली बिळांत वेगवेगळे स्वर वाजवून पाहिले. ४४० हर्ट्झचा सर्वात चांगला पोचला. हार्मोनियमवरची पांढरी सहा म्हणजे हाच स्वर. त्याची लाट साधारण ७८ सेंटिमीटर लांब, बोगद्याच्या रुंदीच्या कितीतरी पट, त्यामुळे ती नळीतून गेल्यासारखी सरळ जाते. उंच आवाज भिंती आणि वळणांवर विरतात. झांबियातल्या मोल-रॅटांच्या बिळांत तर २०० ते ८०० हर्ट्झचे आवाज थोड्या अंतरावर मूळ आवाजापेक्षा मोठे झालेले आढळले. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपची नळी आठवा.

कानही त्याच मापाचा घडलाय. बाहेरची पाळी नाही; माती शिरायला एक जागा कमी. झांबियातल्या जातीत हातोडी आणि ऐरण ही मधल्या कानातली दोन हाडं एकजीव झालेली असतात. आतल्या कानात, गोगलगाईसारख्या गुंडाळलेल्या शंखिकेत, आवाज टिपणाऱ्या पडद्याची जवळपास निम्मी लांबी ६०० ते १,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्याला दिलेली आहे. वटवाघळांच्या काही जातींत असंच दिसतं, फक्त पट्टीच्या दुसऱ्या, उंच टोकाला.

शेजाऱ्याच्या बिळाशी बोलायचं तर हवा कामाची नाही, मध्ये माती आहे. आंधळा मोल-रॅट बोगद्याच्या छतावर डोकं आपटतो. पलीकडचा खालचा जबडा भिंतीला टेकवतो. कंपनं हाडांवाटे आतल्या कानात जातात.

प्रश्न: अंधारात तो वाट चुकत नाही, तेही कानामुळेच का?

उत्तर: अर्धंमुर्धं. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका प्रत्येक वळण नोंदवतात, म्हणून जवळचं अंतर नीट जमतं. लांब जाताना मात्र छोट्या चुका साठत जातात. त्या सुधारायला हा प्राणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वापरतो. २००४ साली चक्रव्यूहाभोवतीचं क्षेत्र फिरवल्यावर त्याची परतीची दिशा बिघडली.

प्रश्न: उंदीर पळवण्यासाठी शेतातल्या बिळांजवळ अल्ट्रासोनिक (माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजाचं) यंत्र लावावं का?

उत्तर: नको. आपल्या शेतातले उंदीर आणि घुशी मोल-रॅट नव्हेत. त्या खाण्यासाठी वर येतात आणि उंच आवाज त्यांना चांगले ऐकू येतात. अडचण यंत्राची आहे. २० हजार हर्ट्झची लाट जेमतेम १.७ सेंटिमीटरची, ढेकूळ, गवत किंवा बिळाचं पहिलं वळण आडवं आलं की ती संपली. उघड्यावर समोरासमोर ऐकणारा उंदीरही काही दिवसांत सरावतो.